पाण्यावर बंद पडलेलें यंत्र

घरांतील एखादी वस्तु मोडली म्हणजे ती दुरुस्त करावी कीं मोडींत काढावी, या प्रश्नावर प्रत्येक कुटुंबांत दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, "थोडी डागडुजी केली कीं आणखी दहा वर्षें मरण नाहीं", दुसरा म्हणतो, "चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला!" छत्री, शिवणयंत्र, भिंतीवरचें घड्याळ, विहिरीवरचें इंजिन, हीं सर्व या वादाचीं जुनीं प्रकरणें होत. बहुधा निकाल असा लागतो कीं, वस्तु दुरुस्तही होत नाहीं आणि मोडींतही जात नाहीं. ती माळ्यावर जाते आणि पुढच्या पिढीस वारसाहक्कानें मिळते. आमच्या निमोण्याच्या घरच्या माळ्यावर अशा तीन पिढ्यांच्या वस्तु गुण्यागोविंदानें नांदत आहेत. परंतु २०२५ च्या दिवाळीनंतर जें प्रकरण आमच्यापुढें निकालास आलें, तें माळ्यावर मावण्याजोगें नव्हतें, आणि लांबणीवर टाकण्याजोगेंही नव्हतें. तें प्रकरण म्हणजे पाण्यावर चालणारी एक स्कूटर.

निमोणें हें गांव पुणें जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यांत आहे, हें ज्यांस ठाऊक आहे ते वाचक येथें हंसतील, आणि त्यांच्या हंसण्यास आमची हरकत नाहीं. शिरूर तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंतला. आमच्याकडे पाऊस येतो तो घाईंत असलेल्या पाहुण्यासारखा. आला म्हणेपर्यंत निघालेला असतो. अशा मुलखांत पाण्यावरचें वाहन कशाला, असा प्रश्न पडणें साहजिक आहे. त्याचें उत्तर घोड नदी देते. आंबेगांव तालुक्याच्या डोंगरांत उगम पावणारी ही भीमेची उपनदी. शिरूर गांवास जुनीं माणसें 'घोडनदी' म्हणतात तें हिच्यावरूनच. या नदीवर आमच्या गांवापासून जवळच चिंचणी येथें १९६५ सालीं मातीचें धरण पुरें झालें, आणि त्याच्यामागें, अलीकडे शिरूर व पलीकडे श्रीगोंदें अशा दोन तालुक्यांच्या मध्यें, एक लहानसा समुद्र उभा राहिला. चांगल्या पावसाच्या वर्षीं दिवाळीच्या सुमारास तो भरलेला असतो. उन्हाळ्यांत त्याच्या कडेची माती भेगाळते. कोरड्या मुलखांतल्या माणसास पाण्याची जी ओढ असते, ती ज्याच्या अंगणांत चार महिने पाऊस कोसळतो त्यास कळणें कठीण.

आमच्या वडिलांच्या पिढीस पाणी म्हणजे काम होतें. मोटेचा नाडा ओढणारे बैल, मध्यरात्रीं पाळी आली म्हणून कंदील घेऊन बांधावर जाणें, दारें धरणें, आणि शेजाऱ्याशीं त्याच पाण्यावरून भांडणें, एवढाच त्यांचा व पाण्याचा संबंध. आमच्या आजोळची कांहीं जमीन या धरणाखालीं गेली. सरकारी कागदांत अशा जमिनीस 'बुडीत क्षेत्र' असें नांव आहे. आमच्या मातोश्रींनीं त्या जलाशयाकडे पाहून 'किती सुंदर!' असे उद्गार काढल्याचें आम्हांस कधींच आठवत नाहीं. त्याच पाण्यावर आपला नातू केवळ मौजेखातर फेऱ्या मारतो, हें पाहावयास त्या असत्या तर काय म्हणाल्या असत्या, याचा आम्हीं कित्येकदां विचार केला आहे.

हा नातू म्हणजे आमचा पुतण्या. रांजणगांवच्या औद्योगिक वसाहतींतील एका कारखान्यांत तो पाळीनें काम करतो. तारकर्लीच्या किनाऱ्यावर सहलीस गेला असतां त्यानें ही स्कूटर प्रथम पाहिली, पैसे देऊन एक फेरी मारली, आणि तेथेंच त्याचें मन जडलें. २०२२ सालीं त्यानें कोंकणांतून एक वापरलेली, तिघांस बसतां येईल अशी स्कूटर १ लाख ८० हजार रुपयांस विकत घेतली व टेंपोंत घालून घाटावर आणली. त्याचे वडील, म्हणजे आमचे थोरले बंधु अण्णा, हे तिच्याभोंवतीं एक प्रदक्षिणा घालून एवढेंच म्हणाले, "हिला औत जुंपतां येतें काय रे?" आणि आंत निघून गेले. आमच्या घरांत निव्वळ मौजेसाठीं म्हणून घेतलेली ती पहिलीच वस्तु होती. तोंवर जें जें आलें तें कांहीं तरी निमित्त घेऊन आलें होतें. रेडिओदेखील बाजारभाव ऐकण्यासाठीं म्हणून घेतला होता. तरीही खंडेनवमीस कोयता, विळा, पंप आणि मोटारसायकल यांच्या रांगेंत या स्कूटरलाही झेंडूची माळ व हळदकुंकू मिळूं लागलें. आणि तें वाहण्यास अण्णाच पुढें होत.

प्रकरणाचा निवाडा समजण्यास या वाहनाची रचना थोडी समजून घेतली पाहिजे. क्लेटन जेकबसन नांवाच्या एका मोटारसायकलवेड्या अमेरिकन गृहस्थाच्या डोक्यांतून ही कल्पना निघाली. १९६८ सालीं कॅनडांतील बाँबार्डिए कंपनीनें तसें एक वाहन बाजारांत आणलें, पण तें फार दिवस टिकलें नाहीं. पुढें १९७३ च्या सुमारास जपानच्या कावासाकी कंपनीनें आपली 'जेट स्की' काढली, आणि त्या कंपनीचें तें नांवच लोकांच्या तोंडीं या सगळ्या जातीस चिकटलें. आमच्या किनाऱ्यांवर मात्र तिला 'वॉटर स्कूटर' म्हणतात, आणि तें नांव अधिक बोलकें आहे. कारण ती दिसते स्कूटरसारखी, बसावयाचें स्कूटरसारखें, हातांत मूठ स्कूटरसारखी. आणि म्हणूनच ती स्कूटर नाहीं हें माणूस विसरतो.

तिच्या पोटांत एक इंजिन असतें. तें एक पंखा फिरवितें. हा पंखा तळच्या जाळींतून पाणी ओढून घेतो आणि मागच्या तोटींतून जोरानें बाहेर फेंकतो. त्या झोताच्या रेट्यानें वाहन पुढें जातें. मूठ वळविली कीं तोटी वळते, झोत वळतो, आणि वाहन वळतें. मागें वेगळें सुकाणूं नाहीं. आमच्या स्कूटरसारख्या जुन्या जातींत रस्त्यावरच्या गाडीसारखा थांबविणारा ब्रेकही नाहीं. याचा अर्थ असा कीं, इंजिन थांबलें कीं झोत थांबतो, आणि झोत थांबला कीं वळण्याची शक्तीही जाते. वल्ह्याची होडी दमलेल्या नावाड्याच्या हातीं निदान हळूहळू चालते. शिडाच्या होडीस वारा असतो. हें वाहन मात्र इंजिनावांचून पाण्यावर पडलेल्या ओंडक्यासारखें होतें. आणखी एक गोष्ट. इंजिन थंड ठेवणारें पाणीही त्याच पंख्याच्या दाबानें येतें. चालविणें, वळविणें व थंड ठेवणें, हीं तिन्ही कामें एकाच प्रवाहावर सोंपविलेलीं असतात.

२०२५ च्या भाऊबीजेस पुतण्याची बहीण माहेरीं आली होती. तिची नऊ वर्षांची मुलगी मामाच्या मागें बसून पाण्यावर गेली. दोघांच्याही अंगांत तरंगणारीं जाकिटें होतीं. कांठापासून अर्धाएक किलोमीटर गेल्यावर इंजिनाचा आवाज चढला, घरघरला, आणि एकाएकीं बंद झाला. दुपारचा वारा सुटलेला होता. स्कूटर हळूहळू कांठापासून दूर, खोल पाण्याकडे जाऊं लागली. मूठ वळते, पण वाहन वळत नाहीं, हें पाहून मुलीनें विचारलें, "मामा, आतां ही कोणीकडे चालली?" मामा म्हणाला, "वारा नेईल तिकडे." पाऊण तासानें जाळीं काढावयास निघालेल्या दोन मच्छीमारांनीं त्यांना पाहिलें, आपल्या लहानशा होडीस दोर बांधला, आणि वल्हीं मारीत त्यांस कांठास आणलें. कोणास कांहीं इजा झाली नाहीं. रात्रीं जेवतांना मुलीनें ही हकीकत मोठ्या गंमतीनें सांगितली, आणि आम्ही सारे हंसलों. तिची आई मात्र हंसली नाहीं.

पुढें पुण्याहून एक मिस्त्री आणविला. होड्यांचीं व असलीं इंजिनें दुरुस्त करण्यांत त्याचा हात बसलेला आहे. त्यानें तळची जाळी उघडली तों पंख्याभोंवतीं नायलॉनच्या जुन्या जाळ्याचा दोर करकचून गुंडाळलेला निघाला. दोरानें पंखा अडला, पंखा अडल्यानें थंड पाणी कमी पडलें, इंजिन तापलें, आणि एक पिस्टन फुगून सिलिंडरांत घट्ट बसला. मिस्त्रीच्या भाषेंत, 'पिस्टननें धरलें'. येथवरचें नुकसान मर्यादित होतें. परंतु कांठावर ओढतांना ती एका कुशीवर कलंडली होती, त्यामुळें धुराच्या नळींतलें पाणी इंजिनांत उतरलें. आणि पुतण्याची रात्रपाळी लागल्यानें तें आठ दिवस तसेंच आंत राहिलें. इंजिनांत शिरलेलें पाणी तासाभरांत काढावें लागतें. त्यास आठ दिवस मिळाले तर तें बेअरिंगांवर गंज चढविल्यावांचून राहत नाहीं. शिवाय हें वाहन पूर्वीं खाऱ्या पाण्यांत राबलेलें. त्याच्या अंगांत जुनें मीठ होतेंच.

मिस्त्रीनें दोन आंकडे सांगितले. जो पिस्टन धरला तेवढाच रिंगांसह बदलावयाचा व सिलिंडर घासून घ्यावयाचा, तर ३० हजार. इंजिन सगळें उतरवून दोन्ही सिलिंडर बोअर करावयाचे, क्रँक, बेअरिंगें, तेलाचा पंप आणि सर्व सीलें नवीं घालावयाचीं, तर ९५ हजार. "पहिल्यानें चालू होईल," तो म्हणाला. "दुसऱ्यानें बरी होईल." हा भेद त्यानें सहज केला; आम्हांस तो फार मोलाचा वाटला.

त्या रात्रीं ओसरीवर सभा बसली. अण्णा म्हणाले, "पाण्यावर उधळलेला पैसा पाण्यांतच जायचा. कागद अजून जुन्या मालकाच्या नांवावर. मोडींत घाल." पुतण्या म्हणाला, "माझ्या कमाईची आहे. मोटारीचें वायंडिंग तीनदां जळलें, तेव्हां कोणी मोडींत घाला म्हणालें नाहीं." वहिनी म्हणाल्या, "पोराची हौस आहे. हौसेला मोल नसतें." बहीण कांहींच बोलली नाहीं. दोन तास असा वाद झाला. तो ऐकत असतां आमच्या लक्षांत आलें कीं, यांपैकीं कोणीही इंजिनाविषयीं बोलत नव्हतें. अण्णांचा राग इंजिनावर नव्हता. तीन वर्षें मनांत दाबून ठेवलेला चैनीवरचा राग आज संधि साधून बाहेर पडत होता. पुतण्याचा आग्रहही इंजिनासाठीं नव्हता. स्कूटर मोडींत गेली तर 'तुझी निवड चुकली' असा ठराव घरांत कायमचा नोंदला जाईल, याचें त्यास भय होतें. मोडक्या वस्तूच्या निमित्तानें माणसें आपलीं जुनीं खातीं उघडतात. आमच्या माळ्यावरच्या कित्येक वस्तु अशाच न संपलेल्या वादांच्या साक्षीदार असाव्यात.

म्हणून आम्हीं प्रथम पाटी-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला. वाहन घेतलें तेव्हां दिलेले १ लाख ८० हजार हे या हिशेबांत धरावयाचे नाहींत, असें आम्हीं आरंभींच सांगितलें. व्यापारी भाषेंत अशा रकमेस 'बुडीत' म्हणतात. इंजिन दुरुस्त केल्यानें ती वर येत नाहीं आणि न केल्यानें आणखी खोल जात नाहीं. अण्णांना हें पटावयास वेळ लागला नाहीं. ज्यांच्या आजोळची जमीन धरणाखालीं आहे त्यांस बुडीत म्हणजे काय हें शिकवावें लागत नाहीं. आतां राहिलेला हिशेब असा. आहे त्या स्थितींत, सुट्या भागांसाठीं म्हणून, स्कूटरचे ४० हजारांच्या आसपास येतील. पुरती दुरुस्त केली तर बाजारांत तिची किंमत १ लाख २० हजार. म्हणजे आज मिळणारे ४० आणि वर घालावयाचे ९५, असे १ लाख ३५ हजार गुंतवून १ लाख २० हजारांची वस्तु हातीं येते. तोटा १५ हजारांचा. नवी घेण्याचा तर विचारच नको; तिची किंमत अनेक लाखांत, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून मौजेच्या नौकांवरील वस्तु व सेवा कर शेंकडा ४० झाल्यामुळें सरकारनेंही तिला फसफसणाऱ्या शीतपेयांच्या आणि घोड्यांच्या शर्यतींच्या पंक्तीस बसविलें आहे. तेव्हां वर्षांतून कांहीं सुट्यांच्या आनंदासाठीं १५ हजार, हा कांहीं दिवाळें काढणारा सौदा नव्हे. वहिनींचें हौसेचें मोल एवढें धरावयास आमची तयारी होती. हिशेबानें प्रश्न सुटेल असें आम्हांस वाटलें होतें. पण हिशेबानें तो मोकळाच ठेवला.

इतक्यांत पाटीवर तिसराच एक आंकडा दिसूं लागला, आणि तो सर्वांत मोहक होता. ३० हजारांची दुरुस्ती करावी, इंजिन चालू करून दाखवावें, आणि कोंकणांत विकून टाकावी. ४० आणि ३० मिळून ७०. हातीं येणार १ लाख २० हजार. निव्वळ नफा ५० हजार! हें गणित कोणीं प्रथम केलें हें सांगण्यांत अर्थ नाहीं, कारण क्षणभर तें सर्वांनींच केलें. अण्णांचा पैसा सुटत होता, पुतण्याची अब्रू राहत होती. "घेणारा आपला मिस्त्री आणून पाहील कीं," असें कोणी म्हणालें, आणि कोणी त्यास उत्तर दिलें नाहीं. वाहनें, गुरें आणि घरें यांच्या बाजारांत हें वाक्य किती वेळां उच्चारलें जात असेल, आणि किती सद्गृहस्थ तें उच्चारून रात्रीं सुखानें झोंपत असतील, याची मोजदाद करणें अशक्य आहे.

येथें आम्हांस पुतण्याच्या त्या जळलेल्या मोटारीचा दृष्टांत पुन्हां घ्यावासा वाटला, कारण तो वरवर बिनतोड होता. आमच्या विहिरीवर विजेची मोटार येण्यापूर्वीं डिझेलचें इंजिन होतें, आणि तें आम्हीं किती वेळां दुरुस्त केलें याची गणतीच नाहीं. पुण्यास १९४६ सालीं किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाल्यापासून डिझेलचें इंजिन हें महाराष्ट्रांतील शेतकऱ्याच्या घरचें माणूसच झालें. बाजाराच्या गांवीं त्याचे सुटे भाग मिळत आणि तें डोळे मिटून उघडणारा मिस्त्रीही मिळे. तें बंद पडलें कीं पिकाची एक पाळी चुके. नुकसान होई, चिडचिड होई. पण बंद पडलेलें इंजिन विहिरीच्या कांठावर जेथल्या तेथें उभें असे, आणि आम्हीही त्याच्याशेजारीं जमिनीवर उभे असूं. मोटारसायकल रस्त्यांत बंद पडली तर माणूस ती ढकलीत घरीं येतो. बैल अडला तर गाडी थांबते. या सर्वांची अर्धवट दुरुस्ती चालते, कारण ती फसली तरी फसण्याची जागा कोरडी असते. पूर आला असतां गुळाच्या काहिलींत बसून नदी ओलांडणारीं माणसेंही आपल्या महाराष्ट्रांत होऊन गेलीं. तो प्रवास धोक्याचा खराच. पण काहिलीस बंद पडण्याजोगें कांहीं नव्हतें, आणि तींत बसणाऱ्यास धोका डोळ्यांनीं दिसत होता. यंत्राच्या पोटांतला गंज कोणास दिसत नाहीं.

पाण्यावर काय घडतें हें सांगण्यास फार लांब जावयास नको. २१ मे २०२४ रोजीं आमच्याच भीमेच्या उजनी जलाशयांत कुगांवहून कळाशीकडे येणारी होडी वादळी वाऱ्यानें उलटली आणि सहा माणसें बुडालीं. तेथें दोष वाऱ्याचा होता. त्याच वर्षीं १८ डिसेंबर रोजीं मुंबईच्या बंदरांत घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर नौदलाची एक वेगवान नौका आदळली, आणि डझनाहून अधिक माणसें मरण पावलीं. त्या नौकेच्या इंजिनाची चाचणी चालू असतां इंजिनांत बिघाड झाला व ताबा सुटला, असें नौदलानें सांगितलें. ज्यांच्यापाशीं कसलेले खलाशी आणि सुसज्ज कर्मशाळा आहेत, त्यांचें इंजिन जर चाचणींत असा दगा देतें, तर आमच्या ओसरीवर ठरलेल्या ३० हजारांच्या दुरुस्तीवर भरंवसा तो किती ठेवावा? यंत्रानें चालणाऱ्या जलयानांसाठीं १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा नवा अंतर्देशीय जलयान कायदा झाला, त्यांत नोंदणी व तपासणी यांवर भर आहे तो याचसाठीं. परंतु दाखल्यावर शिक्का मारणाऱ्यासही बेअरिंगावरचा गंज दिसतोच असें नाहीं. तो मालकास आणि मिस्त्रीस ठाऊक असतो.

तेव्हां आम्हीं किंमतीचा विचार बाजूस ठेवला आणि निराळाच प्रश्न पुढें मांडला. 'दुरुस्ती परवडते काय?' याऐवजीं, 'हें पुन्हां बंद पडलें तर कोठें बंद पडेल, आणि त्या वेळीं त्याच्यावर कोण बसलेलें असेल?' असें विचारावें. विहिरीवरच्या इंजिनाचें उत्तर असें: कांठावर, आणि त्याच्यावर कोणीही नाहीं. म्हणून तें दहादां दुरुस्त करावें. स्कूटरचें उत्तर तिच्या मालकास भाऊबीजेच्या दिवशीं मिळालेलें होतें.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं मिस्त्रीस सरळ विचारलें, "मिस्त्री, ९५ हजारांचें पुरतें काम तुम्हीं आपल्या हातानें केलें, तर आपल्या मुलास मागें बसवून धरणाच्या मध्यावर न्याल काय?" त्यानें लगेच उत्तर दिलें नाहीं. हातांतला पाना फडक्यानें पुसला, आणि म्हणाला, "पहिले दोन महिने एकटा, कडेकडेनें चालवीन. सोबत वल्ह्याची होडी ठेवीन. मग सांगेन." "आणि ३० हजारांचें केलें तर?" तो हंसला, आणि म्हणाला, "तें विकण्यासाठीं असतें, साहेब. बसण्यासाठीं नसतें."

हें पुतण्यानें ऐकलें. त्यास उपदेश करावा असें आमच्या मनांत आलें होतें, पण तशी वेळ आली नाहीं. संध्याकाळीं तो आमच्यापाशीं येऊन बसला व म्हणाला, "तात्या, तीस हजारांचें करून विकली, तर ती तारकर्लीलाच जाणार. तेथें माझ्यासारखाच कोणी तरी पैसे देऊन बसणार, आणि त्याच्या मागें एखादी पोर असणार. ती पोर विचारील, कोणीकडे चालली म्हणून." एवढें बोलून तो थांबला. "आणि पंचाण्णव हजारांचें केलें, तर दोन महिने कडेकडेनें चालवावयास मला सुट्या कोठें आहेत? मी एका रविवारनंतर पुन्हां मध्यावर नेणार, हें मला ठाऊक आहे." स्वतःच्या स्वभावाची इतकी चोख किंमत करणारा माणूस आम्हीं आमच्या वयाच्या मंडळींतही क्वचितच पाहिला आहे. मिस्त्रीच्या आंकड्यांत ही बाब नव्हती, आणि आमच्या पाटीवरही नव्हती. दुरुस्तीचें अर्धें काम यंत्रशाळेंत होतें आणि उरलेलें अर्धें मालकाच्या सबुरींत. ती सबुरी आपल्यापाशीं आहे काय, हें ज्याचें त्यानेंच सांगावयाचें असतें.

स्कूटर सुट्या भागांसाठीं म्हणून ३८ हजारांस गेली. पावतीवर पुतण्यानें आपल्या हातानें लिहिलें: 'इंजिन बंद. पाणी शिरलेलें. चालविण्यासाठीं विकलेली नाहीं.' घेणाऱ्यानें या ओळीसाठीं दोन हजार कमी केले, असा अण्णांचा तर्क आहे. तसें असेल तर त्या दोन हजारांइतका स्वस्त सौदा आमच्या घरानें पूर्वीं केल्याचें स्मरत नाहीं. ज्या दोन मच्छीमारांनीं दोर टाकला, त्यांच्याकडे पुतण्या नवीन नायलॉनचा दोर आणि मिठाई घेऊन गेला. त्यांनीं दोर ठेवून घेतला, आणि मिठाई तेथेंच सर्वांनीं मिळून खाल्ली.

एक गोष्ट मात्र आम्हांस वाचकांपुढें स्पष्ट मांडावीशी वाटते. हा निकाल चैनीविरुद्ध नाहीं. दुरुस्ती न करण्याचें ठरलें, त्या दिवशीं अण्णांनीं सभेंत विजयी मुद्रेनें पाहिलें, तेव्हां आम्हांस तें आवडलें नाहीं, आणि तसें आम्हीं त्यांस सांगितलेंही. ज्या मुलखांत तीन पिढ्या पाण्यासाठीं राबल्या व भांडल्या, आणि ज्यांची जमीन पाण्यानें घेतली, त्या घरच्या मुलानें एकदां त्याच पाण्यावर हंसत फिरावें, यांत उधळपट्टी पाहणें हा कोतेपणा आहे. मातोश्रींच्या मनांतलें आम्हांस ठाऊक नाहीं. पण त्यांच्या शेतावरून त्यांची पणती खिदळत गेली, हें त्यांस अगदींच रुचलें नसतें असें आम्हांस वाटत नाहीं. वाईट होतें तें इंजिन. खेळ वाईट नव्हता. या दोहोंची गल्लत केली म्हणजे मोडकी वस्तु जाते, आणि तिच्याबरोबर घरांतला एक आनंदही निष्कारण मोडींत निघतो.

पुतण्याच्या डोक्यांतून पाणी अजून गेलेलें नाहीं. पुन्हां कांहीं घ्यावयाचें झालें तर पाटबंधारे खात्याची परवानगी आधीं काढीन, आणि ज्यास वल्हें आहे असेंच कांहीं तरी घेईन, असें तो परवां जेवतांना म्हणाला. अण्णांनीं त्यावर कांहीं उत्तर दिलें नाहीं. आमटी मात्र पुन्हां मागून घेतली. आमच्या घरांत अण्णांचें मौन ही अर्धी संमति समजण्याचा प्रघात आहे.